मैदानालगतच्या घराला अट नाही

मी, खाली सही करणारी, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, एक्सचेंजच्या महिला हॉकी संघाची माजी गोलरक्षक, अविवाहित, वय सत्तरीच्या पुढे आणि त्याहून अधिक सांगण्याची गरज नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देताना ते म्हणाले, "तुमचं ठिकाणावर नसेल तर या गल्लीत कोणाचंच नाही," पण हे वाक्य दाखल्यात घालायला तयार झाले नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न मात्र झाला, त्याची नोंद पुढे येईल.

अक्षर आज थोडे हलते आहे, त्याला वय कारणीभूत नाही. मागच्या दोन खोल्यांत हॉस्पिटलचा अख्खा संघ कपडे बदलतो आहे, बाहेर मैदानावर चुन्याच्या रेषा ओढून झाल्या आहेत आणि थोड्या वेळात गावच्या महिला हॉकी लीगची फायनल आहे, हॉस्पिटल विरुद्ध बँक. अशा वेळी ज्या बाईचे अक्षर हलत नाही, तिच्या डोक्याचा दाखला मी मागेन.

कलम पहिले. यापूर्वी माझ्या नावाने तयार झालेले सर्व कागद रद्द समजावेत. विशेषतः माझ्या पुतण्याने वकिलाकडून छापून आणलेला मसुदा.

पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा. मोटारी विकतो. स्वभावाने वाईट नाही, पण ज्या वस्तूवर चकाकी नाही ती त्याला दिसत नाही. त्याच्या मसुद्याची सुरुवातच होती, "मी, आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक विजेती". मी तिथेच लाल पेनाने रेघ मारली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमचे निबंध तपासायच्या, तेव्हापासून खोट्या वाक्याला लाल रेघच मारायची सवय आहे.

"आत्या, खोटं काय त्यात?" तो म्हणाला. "देशासाठी खेळलीस तू."

"देशासाठी बसले."

"एकच ते."

"अख्खी स्पर्धा बाकावर बसून बघ एकदा, मग सांग एकच का ते."

तो हसला. त्याला वाटते म्हातारी विनम्र आहे. मी आयुष्यात कधीही विनम्र नव्हते, एक्सचेंजमध्ये कोणालाही विचारावे.

त्या मसुद्यातले खरे विष तिसऱ्या पानावर होते. माझे घर त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, मिळावे, पण ती देशाच्या हॉकी संघाच्या शिबिरात दाखल झाली तरच. न झाल्यास घर विकावे आणि त्या पैशातून माझ्या नावाची आंतरराष्ट्रीय दर्जाची अकादमी काढावी. ती चालवणार कोण, हे तिथे छापलेले नव्हते. छापायची गरजही नव्हती.

कलम दुसरे, किरकोळ वस्तूंबद्दल. हे आधी उरकते, कारण घराच्या कलमाला हात घालायचा तर हात स्थिर हवा.

माझे एक्सचेंजचे हेडफोन शेजारच्या शिंपिणीला. तिला नवऱ्याचे बोलणे ऐकू येऊ नये अशी तिची जुनी इच्छा आहे.

माझे पॅड, बुटांवर चढवायचे माझे किकर आणि हातमोजे हॉस्पिटलच्या गोलरक्षक नर्सला. ती चेंडू येण्याआधी डोळे मिटते. पॅड घातल्याने ते थांबणार नाही, पण गुडघे तरी वाचतील.

जवळचा चष्मा आणि लांबचा चष्मा, दोन्ही, त्या पंचांना, ज्यांनी सायरनचा गोल मान्य केला. त्या गोलाचे पुढे लिहिले आहे. त्यांनी दोन्ही एकावर एक लावून पाहावेत.

बँकेतली बचत लीगच्या समितीला, फक्त एवढ्यासाठी की मागच्या खोल्यांचे नळ गळू नयेत, दाराच्या कड्या आतून लागाव्यात आणि आरसा कोणी पळवला तर नवा यावा. समितीच्या अध्यक्षांना त्यातून हारतुरे आणता येणार नाहीत. हे अध्यक्ष दर सत्कारात मला सुवर्णकन्या म्हणतात. माझ्या शोकसभेत त्यांनी भाषण करू नये. अगदीच राहवले नाही तर त्यांनी लीगचे नियम वाचून दाखवावेत, तेवढाच त्यांना परिचय होईल.

लीग जिंकल्यावर एक्सचेंजच्या प्रत्येकीला मिळालेला छोटा कप मागच्या खोलीत, नळावरच्या फळीवरच राहू द्यावा. त्यात साबण ठेवतात. ठेवोत.

कलम तिसरे. पदकाबद्दल, आणि पदक म्हटले की बोलणे आले.

ते पदक खरे आहे. मी देशाच्या संघात निवडले गेले होते, राखीव गोलरक्षक म्हणून. विमानात बसले, परदेशी गवतावर सराव केला. आमची पहिली गोलरक्षक अशी होती की चेंडूच तिला घाबरायचा. मला एकदाही मैदानात उतरायची वेळ आली नाही. फायनलमध्ये तिच्या पोटरीत गोळा आला, ती खाली बसली. मी उठून पॅडचे पट्टे ओढले. कोचनी मागे न बघता हाताने खूण केली, खाली बस. ती उठली, खेळली, आपण जिंकलो. झेंडा वर गेला तेव्हा माझा ऊर भरून आला, तेही नाकारणार नाही. पण माझे पॅड कोरे करकरीत होते. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "बरं झालं, धुवायला नकोत." या स्पर्धेबद्दल कोणी खरे बोलले असेल तर ती एकटी.

समोरच्या संघातल्या एकीचाही चेहरा मला आज आठवत नाही. त्यांनाही माझा आठवत नसणार. बाकावरची बाई कोण बघते?

आता लीग. ज्यांना वाटते की लीग म्हणजे गल्लीतला खेळ आणि खरी कमाई परदेशात, त्यांनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा.

फायनल होती, एक्सचेंज विरुद्ध गिरणी. बरोबरी होती आणि संपायला थोडाच वेळ उरला होता. चेंडू आमच्या लेफ्ट विंगकडे, गिरणीच्या गोलाजवळ. तेवढ्यात गिरणीचा सायरन वाजला. सुट्टीचा दिवस, वाजायला नको होता. कोणीतरी दुरुस्ती करून तपासत होते. पण गिरणीच्या मुलींना ते कसे कळणार? सायरन झाला की हात यंत्रावरून निघाला पाहिजे, हे त्यांच्या अंगात मुरलेले. अख्खा संघ जागच्या जागी थांबला. त्यांच्या फुलबॅकचा हात कमरेमागे गेला, नसलेल्या एप्रनची गाठ सोडायला. गोलरक्षक वळून फाटकाकडे चालायला लागली. आणि आमच्या लेफ्ट विंगने, जी हॉकी सोडून कशाचाच विचार करत नसे, चेंडू रिकाम्या गोलात मारला.

पंच म्हणाले, शिट्टी माझी, सायरन माझा नाही. गोल.

आमची कॅप्टन एक्सचेंजमध्ये दिवसपाळीची सुपरवायझर होती. तिने सगळ्यांना गोळा केले. "हा गोल परत द्यायचा."

"गोल तुम्ही करायचा आणि फेड माझ्या खिशातून?" मी म्हटले. गोलात मी उभी होते, म्हणजे परत जाणार तो माझ्या अंगावरून.

"सोमवारी त्याच बायका आपल्या खिडकीशी ट्रंक कॉल लावायला येणार," ती म्हणाली. "तेव्हा तोंड कुठे लपवशील? हेडफोनमागे?"

मी पाय आपटत गोलात परत गेले.

खेळ पुन्हा सुरू झाला. आमच्या सगळ्या बाजूला सरकल्या आणि गिरणीची सेंटर फॉरवर्ड चेंडू घेऊन सरळ चालत आली. मी खांबाला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी. ती माझ्यासमोर येऊन थांबली. चेंडू स्टिकखाली दाबून धरला आणि म्हणाली, "नीट उभी राहा. उघड्या दारातून मी शिरत नाही."

"घे की. देतोय ना."

"दिलेला नको. उभी राहा."

राहिले. जीव तोडून राहिले. तिने डावीकडे झुकून उजवीकडे मारला, मी बोटे घातली, एक बोट मोडले, आणि चेंडू आत गेला. त्या पोरीने आनंदाने उडी वगैरे मारली नाही. माझे बोट पाहिले आणि स्वतःच्या वेणीची रिबीन सोडून बांधून दिली. मग जादा वेळेत, त्याच बोटाने, मी तिचे आणखी चार फटके अडवले आणि आम्ही जिंकलो. हे आम्ही जिंकलो असे स्पष्ट लिहून ठेवते, कारण ती आजही या वाक्यावर कपाळाला आठ्या घालते.

हे विजेतेपद मला त्या पदकापेक्षा मोठे वाटते. कारण सांगते. परदेशात ज्यांना हरवले ती माणसे तुम्हाला पुन्हा भेटत नाहीत. लीगमध्ये जिला हरवले ती दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे शेजारी बसते. तिथे लबाडीने जिंकलेला कप घेऊन राहता येत नाही. माझे मोडलेले बोट वाकडेच जुळले, आणि गावभर ते कसे मोडले हे माहीत असलेली माणसे आहेत. पदकाची गोष्ट मात्र दर वेळी मलाच सांगावी लागते, आणि ती सांगताना मी कुठे बसले होते हे ऐकायला कोणी थांबत नाही.

तरी दुसरी बाजूही लिहिते. सिस्टर सांगायच्या, फक्त आपलीच बाजू लिहिली की तो निबंध होत नाही, भांडण होते.

मला हे पदक त्या सेंटर फॉरवर्डला ठेवायचे होते. वकील म्हणाले, ती साक्षीदार असेल तर तिला काही ठेवता येणार नाही. एकतर सही, नाहीतर वस्तू. मी तिला बोलावून विचारले. ती आता गुडघे धरून चालते, पण जीभ तशीच आहे.

"पदक घेऊन मी काय करू? मी ते जिंकलेलं नाही."

"मग मी तरी कुठे जिंकलंय?"

"तू बसलीस तरी तिथे बसलीस," ती म्हणाली. "मला बसायलासुद्धा कोणी बोलावलं नाही. निवड व्हायची तेव्हा गिरणीतून कोणाला रजा मिळायची नाही. तू लीगचं इतकं गुणगान करतेस ना, ते तुला परवडतं. तुझ्या कपाटात दुसरंही आहे."

मग तिने पदक हातात घेतले, तळव्यावर तोलून पाहिले, परत ठेवले. "सही करते," म्हणाली. "पेन दे."

मी चिडले. ती बरोबर बोलली की मी नेहमीच चिडते.

म्हणून पदक पुतण्याला. त्याने ते हवे तर मोटारींच्या दुकानात लावावे. फक्त खाली ठळक अक्षरांत पाटी हवी, "राखीव गोलरक्षक, सामने शून्य". पाटी काढल्यास पदक शाळेत सिस्टरांकडे जाईल आणि त्या ते दरवाजा वाऱ्याने आपटू नये म्हणून वापरतील. त्यांना मी ओळखते.

कलम चौथे. घर.

मैदानाला लागून असलेले माझे घर, माझ्या पगारातून घेतलेले, ज्यावर भावाचा, पुतण्याचा किंवा अन्य कोणाचा हक्क नाही, त्याच्या मागच्या दोन खोल्या आणि मैदानाकडे उघडणारे दार कायम लीगच्या महिला संघांच्या वापरात राहील. मैदानावर पुरुषांसाठी खोली आहे. बायकांसाठी झाड होते. एकदा एका खेळाडूला त्या झाडामागे कपडे बदलताना पाहून मी माझे मागचे दार उघडले, ते पुन्हा लावलेले नाही. घर ज्याच्याकडे जाईल त्याच्यावर ही वहिवाट बंधनकारक आहे.

बाकीचे घर नातीला.

ती हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात काम करते आणि हॉस्पिटलसाठी पेनल्टी कॉर्नर मारते. तिचा फ्लिक, म्हणजे मनगटाने उचलून फेकलेला फटका, निघाला की आवाज आधी येतो आणि चेंडू नंतर दिसतो. हॉस्पिटल आजवर कधी लीग जिंकलेले नाही. ती असेल तर आज जिंकू शकते. ती नसेल तर देवाचे नाव घ्यावे आणि गोलरक्षक नर्सने डोळे उघडे ठेवावेत.

आणि नेमके आजच्याच दिवसाचे तिला देशाच्या शिबिराचे पहिले बोलावणे आले आहे. आज रात्रीच्या हजेरीला जी नसेल तिचे नाव कापणार. शेवटची बस चौकातून सुटते ती नेमकी सामना सुरू होतो तेव्हा. मी स्वतः शिबिराच्या कार्यालयात फोन लावला. आयुष्यभर दुसऱ्यांचे लावले, एक स्वतःसाठी. तिकडचा माणूस म्हणाला, "बाई, देश थांबत नाही." मी म्हटले, "लीगही थांबत नाही, पण आमच्याकडे निदान सौजन्याने बोलतात."

काल ती आली. पुतण्याने तिला मसुद्यातली अट सांगून ठेवली होती.

"आजी, बाबा म्हणतात शिबिराला गेले तर घर माझं. खरं का?"

"नाही."

"मग खेळले तर माझं?"

"तेही नाही."

"म्हणजे कोणाचं?"

"तुझं. गेलीस तरी तुझं, खेळलीस तरी तुझं, स्टिक मोडून चुलीत घातलीस तरी तुझं."

मला वाटले होते, पोर गळ्यात पडेल. ती बसली आणि चक्क रागावली. "म्हणजे आता सगळं माझ्यावरच आलं. अट असती तर कोणावर तरी ढकलता आलं असतं."

"ढकल की. तुझ्या बापावर ढकल. तो मोठा आहे, मावेल."

ती हसली, पण थोडेच. मग म्हणाली, "तुला काय वाटतं?"

माझे मत या गल्लीत कोणाला माहीत नाही? मला वाटते तिने खेळावे. मला वाटते आज तिने तो फ्लिक मारावा आणि बँकेच्या त्या तोऱ्यातल्या कॅप्टनच्या कानाजवळून तो आत जावा. पण मला सेंटर फॉरवर्डचे वाक्यही ऐकू येत होते, तुझ्या कपाटात दुसरंही आहे. नातीच्या कपाटात अजून दोन्हींतले काहीच नाही. भरल्या कपाटाने रिकाम्या कपाटाला उपदेश करू नये.

"मला वाटतं," मी म्हटले, "की तुझी स्टिक ओली आहे. पुसून ठेव."

कलम पाचवे, आणि हे शेवटचे.

मी हे मृत्युपत्र आजच, सामन्याआधी आणि बस सुटण्याआधी, सही करते आहे. वकील म्हणाले, सोमवारी निवांत करू. मी नकार दिला. सोमवारपर्यंत सगळ्यांना कळलेले असेल की ती कुठे गेली. मग ती शिबिराला गेलेली असल्यास पुतण्या म्हणेल, देशासाठी खेळली म्हणून आत्याने घर दिले. ती इथे खेळलेली असल्यास अध्यक्ष म्हणतील, लीगसाठी थांबली म्हणून बक्षीस मिळाले. हॉस्पिटल जिंकले तर शाबासकी म्हणतील आणि हरले तर सांत्वन. यांतले काहीही नाही. माझी नात आहे म्हणून तिला घर. तिच्या पायांनी कुठे जायचे हे माझ्या विटांनी ठरवू नये, एवढेच.

या क्षणी ती मागच्या पायऱ्यांवर बसली आहे. मांडीवर स्टिक, पायाशी शिबिराची बॅग. हॉस्पिटलचा संघ तिच्या दोन्ही बाजूंनी मैदानात उतरतो आहे आणि कोणी तिला काही बोलत नाही, ते त्यांचे मोठेपण. एकटी गोलरक्षक नर्स थांबली, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "काहीही कर, पण माझी बाटली दे, तिच्यावर बसली आहेस." पंच मध्यरेषेकडे निघाले आहेत. माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली आहे, मुद्दाम. सही पूर्ण होईपर्यंत मी वळणार नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला समजला आणि माझ्या मनासारखा आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे. दोन्ही ठिकाणी शिव्या होत्या.

सही: (बँकेत आहे तशीच, फक्त घाईतली)
एक्सचेंजची गोलरक्षक, लोक जिला "कुलूप" म्हणत

स्थळ: माझी बसायची खोली, मैदानाकडे पाठ करून
दिनांक: लीगच्या अंतिम सामन्याचा शनिवार, शिट्टीपूर्वी

साक्षीदार पहिला: मी, या बाईंचा डॉक्टर, लिहून देतो की त्यांनी माझ्यासमोर शुद्धीत व स्वखुशीने सही केली. नाडी जलद होती. त्याचे कारण वैद्यकीय नाही.
सही

साक्षीदार दुसरी: मी, गिरणीची सेंटर फॉरवर्ड, निवृत्त, लिहून देते की बाईंनी माझ्यासमोर सही केली. माझे तोंड खिडकीकडे होते. त्यांचे पेन कागदावर असतानाच नात पायऱ्यांवरून उठली आणि गेली. कोणत्या बाजूला गेली हे मी नीट पाहिले. शेवटच्या अक्षरावर टिंब पडेपर्यंत मी ते सांगितले नाही, आणि बाईंनी विचारले नाही. आता सही झाली आहे. आता सांगते.
सही